फटीत काय जातं

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती आणि दोघांनी महिनाभर आधीच बजावून ठेवलं होतं: सोनं नको, हॉटेल नको, घरात नवीन भांडं तर अजिबात नको. मग उरलं काय? माझ्याकडे एक फोटो होता. डिसेंबरमध्ये एका सकाळी मी त्यांच्याबरोबर पर्वती चढले होते. सहकारनगरातून निघून पर्वती चढायची, देवदेवेश्वराला नमस्कार करायचा आणि दूध घेऊन घरी यायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. पायऱ्या १०३. त्या दिवशी मी पंधरा-वीस पायऱ्या पुढे जाऊन मागे वळले तर दोघं खालून येत होती. आई साडीवर स्वेटर आणि पायात बूट घातलेली, तिचा हात बाबांच्या दंडाला धरलेला. मागे धुक्यात अर्धं पुणं. माझ्या उजवीकडून कोवळं ऊन येत होतं, त्यामुळे पायऱ्यांच्या कडा एकेक करून उजळल्या होत्या. रोज त्यांच्याबरोबर वर येणारं एक तांबूस कुत्रंही बाजूच्या पायरीवर बसलेलं. बाबा त्याला मोत्या म्हणतात.

हा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा, एवढं ठरलं. एका दवाखान्यात मी पाच पट्ट्यांत कापलेलं झाडाचं चित्र पाहिलं होतं. मधली पट्टी उंच, कडेच्या बुटक्या, मध्ये बोटभर फटी, आणि तरी झाड अखंड दिसतं. तसंच करायचं मनाने घेतलं.

फोटोशॉप माझ्याकडे नाही. गिम्प आहे, फोटोवर काम करायचं तसंच एक सॉफ्टवेअर; ते फुकट मिळतं आणि या कामाला पुरून उरतं. पहिल्या दिवशी मी जे केलं ते कुणीही करील. इमेज मेन्यूतल्या गाईड्समधून टक्केवारीने चार उभे गाईड, म्हणजे मापासाठीच्या, छपाईत न येणाऱ्या रेघा, टाकले: २०, ४०, ६०, ८०. आयताकृती सिलेक्शन गाईडला आपोआप चिकटतं, त्यामुळे पट्टी काटेकोर निवडली जाते. एकेक पट्टी निवडली, कॉपी केली, पेस्ट केली. गिम्पच्या ३.० आधीच्या आवृत्त्यांत पेस्ट झालेली पट्टी आधी फ्लोटिंग सिलेक्शन म्हणून अधांतरी राहायची, तिला नवीन लेयर, म्हणजे चित्राचा वेगळा थर, करावं लागायचं. अशा पाच पट्ट्यांचे पाच लेयर झाले. प्रत्येकाला तिथल्या तिथे नाव दिलं, कारण ‘पेस्टेड लेयर’ नावाचे पाच सारखे लेयर घेऊन पुढे काम करता येत नाही. मग कॅनव्हास साइझ वाढवली, खाली आमच्या भिंतीच्या फिकट पिवळसर रंगाचा एक लेयर भरला, आणि पट्ट्या एकमेकींपासून सरकवल्या.

सावली द्यायला घेतली तर सावली दिसेचना. ड्रॉप शॅडो लावला, आकडे वाढवले, तरी काही नाही. मग लक्षात आलं की लेयरची हद्द पट्टीएवढीच आहे, आणि सावली पडते ती पट्टीच्या बाहेर. जिथे लेयर संपत होता तिथे सावलीही कापली जात होती. ‘लेयर टू इमेज साइझ’ करून हद्द वाढवली आणि सावली आली. पण ती आली उजवीकडे आणि खाली. फोटोत ऊन उजवीकडून आहे, बाबांची सावली पायरीवर डावीकडे पडली आहे आणि पट्टीची सावली मात्र उजवीकडे. नेमकं काय खटकतंय ते पटकन सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं. एक्सचा, म्हणजे आडव्या दिशेचा, आकडा उणे केला, सावली डावीकडे गेली, आणि पट्ट्या खरंच भिंतीवर टांगल्यासारख्या दिसायला लागल्या.

हे चित्र मी रात्री आत्याला पाठवलं. आत्या बाबांची मोठी बहीण, शनिवार पेठेत राहते, आणि आमच्या घरात कुठल्याही मंगल गोष्टीत तिचा शब्द आधी घ्यावा लागतो. सकाळी सातला फोन.

“अगं, जिवंत माणसाच्या फोटोला कात्री लावतात का कधी? आणि तीही लग्नाच्या वाढदिवसाला?”

मी म्हटलं, “आत्या, कॉम्प्युटरवर आहे गं, कात्री कुठली?”

“भिंतीवर लागल्यावर तुकडेच दिसणार ना? नीट बघ. तुझ्या बाबाच्या कानावरून चिरलंयस.”

मी पाहिलं. ४० टक्क्यांवरचा गाईड खरोखरच बाबांच्या कानावरून गेला होता. मी गाईड आकड्यांवर टाकले होते, फोटोत त्या जागी काय आहे हे बघितलंच नव्हतं. चिरलेला फोटो अशुभ, फाटलेला फोटो घरात ठेवू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. त्यावर वाद घालता येईल. पण कानावरून गेलेली चीर वाईट दिसते, यात वाद नव्हता. आत्याने जे शुभाशुभाच्या भाषेत सांगितलं तेच चित्राच्या भाषेतही खरं होतं.

मग गाईड सरकवला. बाबा डावीकडे, आई उजवीकडे, फट दोघांच्या मधोमध. चेहरे सुटले, कान सुटला. पाठवायच्या आधीच मला दिसलं की आता फट आईच्या हातावरून जाते आहे. ज्या हाताने तिने बाबांचा दंड धरलाय, तोच हात मनगटापाशी तुटला होता. त्या फोटोत माझ्या दृष्टीने जे सगळ्यात मोलाचं होतं, त्याच्यावरच मी सुरी ठेवली होती.

त्या दिवशी मी पाच समान पट्ट्यांचा नाद सोडला. दोघं एकाच पट्टीत राहिली पाहिजेत, आणि फट तिथेच जाईल जिथे चित्र ती सोसू शकेल: मोकळी पायरी, धुकं, कठड्याचा दगड. मधली पट्टी रुंद, बाजूच्या अरुंद. कागदावर पेन्सिलने फोटोची चौकट काढून मी दोन संध्याकाळी फक्त फटींच्या जागा ठरवत बसले. सॉफ्टवेअरमधलं काम त्यानंतर अर्ध्या तासाचं होतं.

पण खरी अडचण याच्या पुढे होती, आणि मला तीच सविस्तर सांगायची आहे. पट्ट्या सरकवून फट करायची, की चित्रातला तेवढा भाग झाकून फट करायची? आधी मला वाटलं, दोन्ही एकच. मग पायऱ्यांच्या कडेचा कठडा बघितला. तो उजव्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरका आत जातो. पट्टी दिली सरकवून, दोन पट्ट्यांमध्ये रिकामी जागा सोडली, की कठड्याची तिरकी रेघ फटीच्या एका बाजूला जिथे संपते तिथूनच, त्याच उंचीवरून, दुसऱ्या बाजूला सुरू होते. डोळा मात्र ती रेघ फटीतून तशीच तिरकी पुढे नेतो. कठड्याचा चढ दहा इंचांना सात इंच असा होता, म्हणजे एक इंचाच्या फटीत डोळ्याला रेघ ०.७ इंच वर गेलेली हवी असते, आणि ती जाग्यावरच असते. कठडा पायरी पायरीने मोडल्यासारखा दिसतो.

हेच उलट करून बघा. खिडकीच्या गजांमागून रस्ता दिसतो तेव्हा गजांमुळे रस्त्याचा थोडा थोडा भाग झाकतो, पण रस्ता मोडत नाही. फट म्हणजे गज. चित्र जागच्या जागी ठेवायचं, आणि फटीएवढा भाग काढून टाकायचा. तसं केलं आणि कठडा सरळ, एका रेघेत, पाचही पट्ट्यांतून गेला. दवाखान्यातलं झाड अखंड का दिसत होतं ते मला तेव्हा कळलं.

उंचीचंही तेच. स्क्रीनवरच्या कलाकुसरीत पट्ट्या वर-खाली सरकवतात, एखादी वर, एखादी खाली, आणि तो परिणाम छान दिसतो. एखाद्या नाचाच्या किंवा धावण्याच्या फोटोला तो शोभेल. पायऱ्या हा सगळा आडव्या रेघांचा खेळ. पट्टी सरकवली की १०३ पायऱ्यांचा हिशोब चुकलाच म्हणून समजा. म्हणून कडेच्या पट्ट्या मी सरकवल्या नाहीत, वरून आणि खालून सारख्या कापून बुटक्या केल्या. आतलं चित्र होतं तिथेच राहिलं.

आकडे असे. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेल. भिंतीवर एकूण रुंदी ३६ इंच, उंची २४ इंच. म्हणजे इंचाला साधारण १६७ पिक्सेल. इंचाला ३०० हवेत असं सगळीकडे सांगतात, ते हातात धरून बघायच्या छपाईसाठी. सोफ्यावर बसून चार-पाच फुटांवरून बघायच्या चित्राला १६७ चांगले पुरतात, हे मी एक तुकडा छापून बघूनच मान्य केलं. पट्ट्यांच्या रुंद्या डावीकडून ५, ६, १२, ५ आणि ४ इंच. बेरीज ३२. चार फटी एकेक इंचाच्या, एकूण ३६. उंच्या १६, २०, २४, २०, १६. सरकवून फट केली असती तर हाच फोटो ४० इंचांवर गेला असता आणि आमच्या हॉलच्या त्या भिंतीवर मावला नसता, शेजारी बाबांचं पुस्तकांचं कपाट आहे.

आता फटीएवढं चित्र काढून टाकायचं म्हणजे एक इंच रुंदीच्या चार पट्ट्या, वरपासून खालपर्यंत, कायमच्या जाणार. काय जातं त्यात? मी तो भाग वेगळ्या लेयरवर घेऊन लाल रंगाने भरला, अर्धा पारदर्शक ठेवला, आणि एकेक फट मोठी करून बघितली. पहिलीत धुकं आणि एका इमारतीची पाण्याची टाकी. जाऊ दे. दुसरीत नुसत्या पायऱ्या. तिसरीत मोत्याचं डोकं.

धड चौथ्या पट्टीत, डोकं फटीत. लहान स्क्रीनवर हे कधीच दिसलं नसतं. आणि भिंतीवर लागल्यावर बाबांनी पहिल्या मिनिटात विचारलं असतं, मोत्याचं डोकं कुठे गेलं? फट इंचभर डावीकडे घेतली. मोत्या पूर्ण चौथ्या पट्टीत आला. त्याच्या बदल्यात वाऱ्याने उडालेल्या आईच्या पदराचं टोक फटीत गेलं. जांभळा पदर, मोतिया काठ. कुत्रा की पदर, असा प्रश्न होता, आणि मी मोत्याला निवडलं. मनात मात्र रुखरुख राहिली.

ती रुखरुख नारायण पेठेतल्या एका छपाईवाल्या काकांनी घालवली. मी पाच फाइली घेऊन गेले होते. त्यांनी विचारलं, “ताई, सनबोर्डवर की कॅनव्हासवर?” कॅनव्हास म्हटल्यावर त्यांनी एक लाकडी चौकट हातात दिली. इंचभर जाड. कापड पुढून ताणून कडेवर वळवतात आणि मागे पिना मारतात. म्हणजे चित्राला चारही बाजूंनी इंचभर जास्तीचा भाग लागतो, जो कडेवर गुंडाळला जाईल. मागच्या पिनांसाठीचा कोरा कॅनव्हास ते स्वतः सोडतात.

“फटीतलं चित्र टाकून दिलंत का?” त्यांनी विचारलं. “टाकू नका. तेच कडेवर येऊ द्या.”

घरी येताना सिग्नलला उभी असताना मला त्याचा पूर्ण अर्थ लागला. फट एक इंचाची, चौकटीची जाडी एक इंचाची. फटीतला भाग मधल्या पट्टीच्या उजव्या कडेवर येईल आणि चौथ्या पट्टीच्या डाव्या कडेवरही येईल. समोरून बघताना तो दिसणार नाही, रेघा मोडणार नाहीत, पण बाजूने आलात तर पदर तिथे असेल. हरवलेलं काहीच नाही.

मग फाइली पुन्हा केल्या. प्रत्येक पट्टी चारही बाजूंनी १६७ पिक्सेल जास्त. आतल्या कडांना आणि बुटक्या पट्ट्यांच्या वर-खाली मूळ फोटोतलाच भाग मिळत होता. पण पहिल्या पट्टीची डावी कड, शेवटच्या पट्टीची उजवी कड आणि मधल्या पट्टीचं वर-खाली, इथे फोटो संपत होता. तिथे मी कडेची १६७ पिक्सेलची पट्टी निवडली, कॉपी केली, आरशासारखी उलटी केली आणि बाहेरच्या बाजूला चिकटवली. धुकं आणि पायऱ्या असल्यामुळे जोड कळतही नाही. माणसाच्या चेहऱ्याजवळ हा उपाय करू नये, दोन कान शेजारी शेजारी येतात.

छापायला दिलं आणि काकांना विनंती केली की आधी साध्या कागदावर नमुना काढा. कागदाला पैसे पडले, पण ते सोन्यासारखे कारणी लागले. पाच कागद जमिनीवर मांडले, मध्ये इंच इंच जागा सोडली, आणि कठडा दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीत अर्ध्या सेंटिमीटरने चुकला. स्क्रीनवर तर चोख होता. दहा मिनिटं काका आणि मी फूटपट्टी घेऊन मोजत होतो. शेवटी कारण सापडलं. मी फाइल बाहेर काढताना प्रिंटचं रिझोल्यूशन ७२ वर राहिलं होतं. त्यामुळे कडांसकट १४ इंचांची मधली पट्टी त्यांच्या कॉम्प्युटरवर ३२ इंचांहून मोठी दिसत होती, आणि मशीनवरच्या मुलाने प्रत्येक फाइल हाताने लहान करून बसवली होती. एक रुंदीला धरून, एक उंचीला धरून. प्रत्येकीचं प्रमाण किंचित वेगळं. एकच फोटो असता तर कुणाला कळलं नसतं. पाच तुकडे एकमेकांशी जुळायचे असतात तेव्हा एका टक्क्याचा फरकही उघडा पडतो.

घरी येऊन इमेज मेन्यूतल्या प्रिंट साइझमध्ये पाचही फाइलींना १६६.६६७ टाकलं. पिक्सेल एकही बदलत नाही, फक्त छापताना इंचाला किती धरायचे ते फाइलमध्ये लिहिलं जातं. शिवाय प्रत्येक फाइलला बाहेरून थोडा कोरा भाग जोडून त्यात एक इंचाची काळी रेघ काढली आणि काकांना सांगितलं, छापल्यावर ही रेघ फूटपट्टीने मोजा, बरोबर एक इंच भरली तरच पुढे जा. ती भरली. फाइलींच्या नावात मी डावीकडून १ ते ५ आकडे दिले होते आणि कोऱ्या भागात वरची बाजू दाखवणारा बाण काढला होता, कारण धुक्याची पट्टी उलटी झाली तर ओळखू येणार नाही. रंगाचं फार काही करावं लागलं नाही, नमुना थोडा काळवंडला होता म्हणून सावलीचा भाग किंचित उजळ केला, एवढंच. सगळे लेयर असलेली गिम्पची मूळ एक्ससीएफ फाइल वेगळी जपून ठेवली आहे.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी आई-बाबांना आत्याने मुद्दाम घरी बोलावून घेतलं, आणि मी व माझा मामेभाऊ ड्रिल घेऊन हॉलमध्ये शिरलो. वर्तमानपत्राच्या रद्दीतून पट्ट्यांच्या मापाचे पाच कागद कापून आधी भिंतीवर चिकटवले, लेव्हलने मधली रेघ धरली, आणि खिळ्यांच्या जागा कागदावरूनच टोचल्या. फटीसाठी एक इंच जाडीचा लाकडाचा तुकडा घेतला होता. दोन पट्ट्यांच्या मध्ये तो वर एकदा आणि खाली एकदा सरकवायचा, अडला तर पट्टी तिरकी. चौथी पट्टी दोनदा काढून लावावी लागली.

संध्याकाळी तिघं आली. आई दारातच थांबली. बाबा जवळ गेले, चष्मा वर केला आणि आधी मोत्याकडे बोट दाखवलं. आत्या मात्र काही न बोलता पुढे आली, प्रत्येक फटीवरून बोट फिरवत गेली, कुणाच्या अंगावरून चीर गेली नाही ना ते तपासत. मधल्या पट्टीच्या उजव्या कडेशी ती थांबली. वाकून बाजूने बघितलं.

“अगं, हा तर हिचा पदर,” ती म्हणाली. “इकडे ये गं, तुझा काठ बघ.”

आई आली, आत्याच्या खांद्यावर हात ठेवून तीही वाकली. मग दोघी बराच वेळ भिंतीला गाल लावून तो इंचभर जांभळा पदर बघत उभ्या होत्या, आणि ती साडी कुणी घेतली होती, लक्ष्मी रोडवरून आणली की बेळगावहून आली, यावर त्यांचं बोलणं सुरू झालं.